एक खिसा जास्त

खिसा लहान झाला म्हणून कुरकुरणारी गिऱ्हाइकं मास्तरांनी तीस वर्षांत ढिगाने पाहिली होती. खिसा जास्त झाला म्हणून भांडायला आलेले दंतवैद्य पहिलेच.

दुकान उघडून दहा मिनिटंही झाली नव्हती. डॉक्टरांनी आपला करडा कोट काउंटरवर पसरला, डावी बाजू उलटी केली आणि काखेखाली, कापड आणि अस्तर यांच्या मधे दोन बोटं घातली. बोटं आत गेली. मग अख्खा पंजा गेला.

"हे काय आहे?"

"खिसा," मास्तर म्हणाले.

"ते मलाही दिसतंय. मी सांगितला होता?"

"नाही."

"तुम्ही शिवलात?"

"नाही."

"मग काय, पावसात उगवला?"

"आत काही सापडलं का?" काकूंनी मधेच विचारलं. काकू म्हणजे मास्तरांच्या पत्नी. शिवणयंत्रं मास्तरांची, काउंटर काकूंचं, अशी लग्नानंतर लगेचच वाटणी झालेली होती.

"काही नाही! तेच तर ना!" डॉक्टर खुर्चीत बसले. "काही सापडलं असतं तर भांडण एका दिवसात मिटलं असतं. बायको कोट झटकत होती, तिच्या हाताला हा लागला. आता ती म्हणते, रिकामा चोरखिसा म्हणजे त्यातलं काहीतरी घाईघाईने काढून घेतलंय. चार दिवस झाले, मी दवाखान्यात झोपतोय. पेशंटच्या खुर्चीवर! मान बघा कशी धरलीय."

मागच्या खोलीतल्या मशीनचा आवाज मघाशीच थांबला होता. मास्तरांनी मान न वळवता हाक मारली, "टाचणे, बाहेर ये."

टाचणी बाहेर आली. वय एकवीस, अंगकाठी नावाला साजेशी. तिचं खरं नाव मास्तरांनी पहिल्या दिवशी तीनदा बसवून पाहिलं होतं आणि तिन्ही वेळा ते कुठेतरी उसवलं होतं. तेव्हापासून ती टाचणी. कामाच्या वेळी तिच्या ओठांत चार-पाच टाचण्या कायम असत, आणि ओठांत टाचण्या असल्या की माणसाला बोलावं लागत नाही, ही सोय तिने पहिल्याच आठवड्यात हेरली होती. दोन वर्षांपूर्वी ती या देशात आली तेव्हा इथली भाषा तिला अजिबात येत नव्हती. आता येत होती. बोलायची हौस मात्र अजून आली नव्हती.

"हा खिसा तू शिवलास?"

टाचणीने टाचण्या काढून मनगटावरच्या गादीत खोचल्या. "हो."

"का?"

"कोट होता," ती म्हणाली.

"कोट होता म्हणून? मग बाकीच्यांना काय केलंस?"

"पँटला मागे, पट्ट्याच्या आत. स्कर्टला खाली, दुमडीत." मग मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघून तिने हळूच विचारलं, "तुम्ही... नाही शिवत?"

तिच्या आवाजात राग नव्हता, भीतीही नव्हती. होती ती दया. तीस वर्षं बाह्या न लावता शर्ट विकणारा शिंपी भेटला, तर त्याच्याकडे जसं बघावं, तशी ती मास्तरांकडे बघत होती.

"किती?" मास्तरांनी विचारलं.

तिने डोळे मिटले. माणसं नाही, कापडं आठवली. "एकतीस."

डॉक्टर मान धरून हसायला लागले, आणि मान धरलेली असल्यामुळे लगेच थांबले.

*

तिच्या गावात युद्ध सुरू झालं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. आई त्याआधीच गेलेली. वडील एका सकाळी पाण्याच्या रांगेत उभे राहायला गेले, ते परत आले नाहीत. उरली आत्या, आणि आत्याचं तळघरातलं शिवणाचं दुकान. वीज नव्हती म्हणून मोठं यंत्र झाकून ठेवलं आणि माळ्यावरचं हातमशीन खाली आलं. वर धडाम झालं की छताची माती कापडावर पडायची. आत्या ती फुंकून टाकायची आणि म्हणायची, "हात थांबवू नकोस. ते वरचे काय आपल्याला विचारून थांबणार आहेत?"

माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी पळायला लागली, त्या दिवसापासून आत्याच्या दुकानातून चोरखिशाशिवाय एकही कपडा बाहेर पडला नाही. तान्ह्या बाळाच्या झबल्यालासुद्धा तळहाताएवढा खिसा असे, त्यात बाळ कोणाचं ते लिहिलेली चिठ्ठी. गिऱ्हाईक कपडा हातात घ्यायचं, आतून एकदा हात फिरवायचं, मान हलवायचं आणि चालू लागायचं. त्याबद्दल बोलायचं नाही. नाक्यानाक्यावर झडती घेणारे उभे असत, आणि कोणाचे कान कुठे असतील याचा नेम नव्हता. ज्या खिशाबद्दल बोललं गेलं तो खिसा फुकट गेला, असा आत्याचा हिशेब.

म्हणून मास्तरांनी पहिल्या दिवशी एका पँटची कंबर सैल करायला दिली, तेव्हा टाचणीने कंबर सैल केली आणि खिसाही शिवला. दोऱ्याला गाठ मार, असं कोणी वेगळं सांगतं का? मास्तरांनी पँट उलटसुलट करून पाहिली, "ठीक आहे" म्हणाले आणि घडी घातली. टाचणीला वाटलं, मुरलेला माणूस आहे. तोंडातून शब्द काढत नाही.

पाच महिने तिचा हा समज टिकला, आणि मास्तरांबद्दलचा आदर रोज वाढत गेला.

*

"कपडा कोणाचा असतो?" डॉक्टर गेल्यावर मास्तरांनी विचारलं.

"घालणाऱ्याचा."

"शिवणाऱ्याचा नसतो. त्याने सांगितलं त्याहून एक टाका जास्त घातला, तरी ती घुसखोरी झाली."

हा शब्द टाचणीला माहीत होता. तो तिने कार्यालयांबाहेरच्या रांगांत ऐकला होता. काकूंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांना कात्री अचानक सापडेनाशी झाली, ती गळ्यात लटकत असूनही.

"म्हणजे... विचारायला पाहिजे," त्यांनी सूर खाली आणला. "विचारलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो, ही गोष्ट वेगळी. महिनाअखेर तुझे सहा महिने भरतात. कायम केल्याचं पत्र मी देणार होतो. पण आता आधी त्या एकतीस जणांकडे जायचं. सांगायचं, माफी मागायची, म्हणतील तर तिथल्या तिथे उसवून द्यायचं. ते सगळं झाल्याशिवाय पत्राचं नाव काढू नकोस."

महिन्याची एकवीस तारीख होती.

त्या पत्रात काय अडकलं होतं ते दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं. आत्या अजून सीमेवरच्या छावणीत होती. गाव सोडताना ट्रकमध्ये एक म्हातारा कुडकुडत होता, त्याला आत्याने आपला कोट दिला. पुढच्या फाट्यावर ट्रक बदलले, म्हातारा एका बाजूला गेला, या दोघी दुसऱ्या बाजूला. कोटाबरोबर आत्याचे सगळे कागदही गेले. सगळ्या गावाचे कागद सांभाळणारी बाई स्वतः कागदावाचून राहिली. भाचीला पुढे यायची परवानगी मिळाली, आत्याला नाही. आता भाचीने तिला बोलावून घ्यायचं तर दोन गोष्टी लागत होत्या, राहायला खोली आणि कायम नोकरीचं पत्र. खोली झाली होती. पत्र तीस तारखेपर्यंत सरकारी कार्यालयाच्या खिडकीवर पोचलं नाही तर फाइल ढिगाच्या तळाशी जाणार होती. "तळाशी म्हणजे किती?" टाचणीने विचारलं होतं. खिडकीतल्या बाईने न बोलता दोन बोटं वर केली होती. दोन महिने नव्हेत, वर्षं.

*

माणसं शोधून द्यायचं काम काकूंनी घेतलं. काकूंना गिऱ्हाइकांची नावं आठवत नसत, मापं आठवत.

"कंबर अडतीस, उजवा खांदा उतरलेला. पोस्टामागच्या गल्लीत, निळं दार. छाती चव्वेचाळीस आणि पोट त्याच्याही पुढे, तो व्यायामशिक्षक. शाळेला लागून घर. आणि ती बाई गं, नितंब चाळीस, सगळं घट्ट हवं असतं आणि नंतर श्वास घेता येत नाही म्हणते. बँकेत दुसरी खिडकी."

काय बोलायचं तेही काकूंनीच पाठ करून घेतलं. नमस्कार. मी तुमच्या कपड्यात एक खिसा जास्त शिवला. चूक झाली. काढू का?

पहिलं दार निळं. कंबर अडतीस यांनी ऐकून घेतलं, आत जाऊन पँट आणली, खिसा पाहिला आणि म्हणाले, "काढ. मला लपवायला काही नाही." पायरीवर बसून टाचणीने पाच मिनिटांत टाके उसवले. त्यांनी धन्यवाद म्हटलं, दार लावलं. रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की लपवायला काही नसलेला माणूस तिने बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. तिने मागे वळून त्या दाराकडे एकदा नीट बघून घेतलं.

व्यायामशिक्षकांकडे मात्र घोटाळा झाला. दार त्यांच्या पत्नीने उघडलं, आणि पाठ केलेलं वाक्य टाचणीने त्यांनाच ऐकवून टाकलं. मागून शिक्षक दोन्ही हात हलवत होते, पण त्याचा अर्थ तिला "या, या" असा वाटला. पँट आली. पट्ट्याच्या आतून सात पेपरमिंट आणि तीन चॉकलेटं निघाली.

"साखर किती आहे रक्तात?" पत्नीने शांतपणे विचारलं.

"अगं, मला माहीतच नव्हतं तिथे खिसा आहे!"

"मग चॉकलेटं स्वतः चालत गेली?"

टाचणी उसवण्यासाठी खाली बसली. शिक्षकांनी तिच्याकडे असं पाहिलं, की आयुष्यात प्रथमच तिला प्रामाणिकपणाची लाज वाटली.

बँकेतल्या बाईने खिडकीखालून हातानेच तिला गप्प केलं. "हळू बोल. पहिल्याच आठवड्यात सापडला मला तो. काढायचा नाही."

"आत काय ठेवता?" हे वाक्य पाठांतरात नव्हतं, तोंडातून गेलं.

बाईंनी साहेबांच्या केबिनकडे एक नजर टाकली. "राजीनामा. सही करून, तारीख न घालता. रोज सकाळी चाचपून बघते. आहे म्हटलं की दिवस निघतो."

असे दिवस जात होते. दुपारपर्यंत दुकान, मग दारं. एका निवृत्त अधिकाऱ्यांनी पाऊण तास उभं करून भाषण दिलं आणि शेवटी खिसा ठेवून घेतला. एका बसचालकाला खिसा आहे हे कळल्याचा इतका आनंद झाला, की दुसऱ्या पँटलाही शिवून दे म्हणून तो मागे लागला. टाचणीने त्याला मास्तरांना विचारायला सांगितलं. विचारायचं असतं हे आता तिला कळलं होतं, आणि नव्याने कळलेली गोष्ट ती सगळ्यांना शिकवत सुटली होती.

सव्वीस तारखेला ती दंतवैद्यांच्या घरी गेली. हे दार तिने मुद्दाम मागे ठेवलं होतं.

"तूच का ती?" डॉक्टरांच्या पत्नी दारातच म्हणाल्या.

"मी शिवणारी."

"ते बघू. बस."

ती बसली. बाई समोर बसल्या, मधे टाचणीने दुकानातून आणलेला डॉक्टरांचा कोट.

"तुला त्यांनी पाठवलं हे सांगायला?"

"नाही. मास्तरांनी."

"ते मास्तर आणि हे, दोघं रविवारी पत्ते खेळतात. दोघं मिळून खोटंही खेळतात. मला सांग, कोणी न सांगता कोणी कोणाच्या कोटाला चोरखिसा का शिवेल?"

पाठ केलेली चार वाक्यं संपली होती.

"बघ, उत्तर नाही. तुझ्या स्वतःच्या कपड्याला आहे का असा?"

टाचणीच्या हाताने आपोआप अंगावरच्या कोटाची डावी बाजू दाबून धरली. बाईंना ते दिसलं. डॉक्टरांच्या पत्नी असल्यामुळे कुठे दुखतंय ते त्यांना तोंड न उघडता कळत असावं.

सहा वर्षांत त्या खिशात दुसऱ्या कोणाची नजर गेली नव्हती. टाचणीने खिडकीबाहेर पाहिलं. एक माणूस सायकलची चेन बसवत होता, दोन मुली आइस्क्रीम खात कुठेच न जाता उभ्या होत्या. झडतीवाला कोणी नव्हता. तिने कोट उतरवला, उलटा केला आणि आतल्या वस्तू एकेक करून टीपॉयवर ठेवल्या. ओळखपत्र. दोरा गुंडाळलेली सुई. गळ्यात मापपट्टी घातलेल्या एका बाईचा फोटो, रागीट चेहऱ्याचा. आणि घडी पडून पडून मऊ झालेली एक चिठ्ठी, तिच्यावर पेन्सिलने आकडे.

बाईंनी चिठ्ठी उचलली. "छाती चाळीस, बाही चोवीस, गळा साडेपंधरा. हे काय?"

"माझे वडील."

बाईंनी चिठ्ठी तिच्या घडीवरच पुन्हा दुमडली, जशी होती तशी. आत गेल्या. बराच वेळ कपबश्यांचा नको इतका आवाज येत राहिला. मग चहा घेऊन आल्या आणि नाक पुसत म्हणाल्या, "त्यांच्या कोटातला उसवून टाक. त्यांना काय करायचाय? तिकिटं ठेवतील आणि विसरतील."

"बरं."

"आणि माझ्या कोटाला एक शिव."

"डॉक्टरांना सांगू?"

"सांगितलंस तर बघ."

त्या संध्याकाळी डॉक्टर पेशंटच्या खुर्चीवरून घरी परतले. बायकोने का बोलावलं, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

*

एकोणतीस तारखेला तीस दारं झाली होती.

"एकतिसावा कोण?" मास्तरांनी विचारलं.

टाचणीने पटकन चार टाचण्या ओठांत धरल्या.

"काढ त्या. उद्या तीस तारीख आहे. कोण राहिलंय?"

तिने काकूंकडे पाहिलं. काकू कधी नव्हे ते बटणांच्या डब्यात लक्ष घालून बसल्या होत्या. शेवटी त्यांनीच डबा बंद केला.

"अहो, तुम्ही. तुमचा तपकिरी कोट. अस्तर फाटलं होतं म्हणून मीच तिला दिला होता."

मास्तरांनी अंगावरच्या कोटाकडे असं पाहिलं, जसा तो दुसऱ्याच कोणीतरी घातला असावा. हात डाव्या काखेखाली गेला, आत शिरला, आणि एक चपटं झालेलं सिगारेटचं पाकीट घेऊन बाहेर आला.

"चार महिन्यांपूर्वी तुमच्या सिगारेटी मी जप्त केल्या ना," काकू म्हणाल्या, "तेव्हापासून तुम्ही घर उपसताय. धान्याचे डबे झाले, माळा झाला, माझ्या साड्यांखाली बघितलंत. म्हटलं, असं कुठे ठेवावं जिथे हा माणूस मेला तरी बघणार नाही? अस्तर लावून झालेला कोट हातात आला, आतून हात फिरवला, तर जागा तयारच!"

"म्हणजे चार महिने मी हे..."

"काखेत घेऊन हिंडताय."

"तीस वर्षं शिवतोय मी," मास्तर खुर्चीत बसले. "तीस वर्षं. आणि अंगावरच्या कोटात मला..." वाक्य पूर्ण न करता त्यांनी कोट काढला, उलटा केला, चष्मा लावला आणि खिशाचे टाके बघायला लागले. नखाने ओढून पाहिले. उजेडात धरले. बाहेरून एकही टाका दिसत नव्हता, कापडाला सुरकुती नव्हती. ते बघत राहिले. हे रागावलेल्या माणसाचं बघणं नव्हतं. दुसऱ्याच्या हातचं काम बघणाऱ्या कारागिराचं होतं. त्यात थोडा मत्सरही असतो.

टाचणी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. हात बाजूला, पाय जुळवलेले.

"नमस्कार," ती म्हणाली. "मी तुमच्या कपड्यात एक खिसा जास्त शिवला. चूक झाली. काढू का?"

काकूंनी पदर तोंडावर धरला.

मास्तरांनी टाक्यांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "हा टाका कोणी शिकवला?"

"आत्याने."

"हं." त्यांनी कोट घडी घालून मांडीवर ठेवला. "राहू दे. पाकीट काढ फक्त."

"पाकीट कशाला?" काकू म्हणाल्या. "तोल जाईल तुमचा. सवय झालीय वजनाची."

*

पत्र लिहायला मास्तरांना तीन कागद लागले. शर्ट एका बैठकीत कापणारा माणूस चार ओळींसाठी घामाघूम झाला. शेवटच्या मसुद्यात लिहिलं होतं, की ही मुलगी सांगितलेलं काम उत्तम करते, न सांगितलेलंही करत असे, पण आता विचारून करते, सबब तिला कायम करण्यात येत आहे. काकूंनी मधली दोन वाक्यं खोडली. मास्तर म्हणाले, खरं तेच लिहिलंय. काकू म्हणाल्या, खरं लिहायला सरकारी खिडकी ही जागा नव्हे.

तीस तारखेला दुपारी पावणेचारला पत्र खिडकीवर पोचलं. खिडकी चारला बंद होत होती. मास्तर बरोबर आले होते, रांगेत पुढच्या माणसाच्या शर्टाच्या शिलाईला नावं ठेवत.

आठ महिन्यांनी आत्या आली. छावणीने दिलेला कोट तिच्या अंगात दोन माणसांना पुरेल इतका होता, आणि चेहरा फोटोतल्याइतकाच रागीट. टाचणी धावत गेली तेव्हा आत्याने आधी तिला घट्ट धरलं, मग हातभर लांब धरलं आणि वरपासून खालपर्यंत बघितलं. "कंबरेत कमी झालीस," ती म्हणाली. "दीड इंच." मग मास्तर पुढे आले. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. दोघांनी आधी एकमेकांच्या कॉलरी पाहिल्या, नंतर चेहरे. आत्याने मास्तरांच्या बाहीचं कापड दोन बोटांत चोळलं आणि ओठ पुढे काढले. मास्तर घरी जाताना काकूंना दोनदा विचारत होते, की ते चांगल्याचं लक्षण असतं की वाईटाचं.

खोलीत खिडकी होती, टेबल होतं, आणि नियमाप्रमाणे दुसरा पलंग पुढच्या आठवड्यात यायचा होता. सध्या एकच. टाचणीने त्याच्यावर नवी चादर घातली होती.

"तू झोप," ती म्हणाली. "तीन दिवसांचा प्रवास झालाय."

"मला नाही लागत असल्या उंचीवर झोप. तू झोप."

"आत्या, मी रोज झोपते त्याच्यावर. आज तू."

"मोठ्यांशी वाद घालायला शिकलीस काय इथे?" असं म्हणून आत्याने पायातले बूट काढले, कोटाची उशी केली आणि खाली जमिनीवर आडवी झाली. टाचणी काही वेळ पलंगाच्या कडेवर बसली. दुपारचं ऊन फरशीवर लांबलचक पडलं होतं. मग तीही उतरली आणि शेजारी येऊन पडली.

"पलंग वाया जातोय," आत्या डोळे मिटून म्हणाली.

"मग तू जा वर."

"तू जा."

कोणीच गेलं नाही. पलंगावर आत्याची पिशवी एकटीच ऐसपैस झोपली होती.